दार ओढून बघणारा माणूस

कुलूप लावलं की ते दाराची मूठ धरून दोनदा ओढायचे. मग जिना उतरू लागायचे. थोडं उतरले की थांबायचे, मान तिरकी करून वर बघायचे, आणि "एक मिनिट हं" म्हणत परत वर जाऊन आणखी एकदा ओढायचे. दार लागलेलंच असायचं. पण त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल म्हणाल तर नाही. लागलेलं दार बघून हिरमुसणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तुमच्या पाहण्यात असेल तर मला जरूर सांगा.

हॅम्बर्गला आमच्या कंपनीत ते टेस्टर होते. आम्ही प्रोग्रॅम लिहायचे आणि त्यांनी त्यातल्या चुका शोधायच्या. मी पुण्याहून नुकताच आलो होतो, अंगात रग होती. पहिल्याच महिन्यात मी लिहिलेला एक प्रोग्रॅम पहिल्या फटक्यात चालला. मी छाती काढून त्यांच्या टेबलापाशी गेलो.

"कुठेच अडकला नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"म्हणजे सगळं नीट आहे?"

"हो, सगळं नीट आहे."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाले, "मग काहीतरी गडबड आहे."

संध्याकाळपर्यंत त्यांनी ती शोधली. एकोणतीस फेब्रुवारीला जन्मलेल्या ग्राहकाला माझा प्रोग्रॅम जन्मालाच येऊ देत नव्हता. मला राग आला. आपल्या पोराचं नाक नकटं आहे असं कुणी चारचौघांत सांगावं तसं वाटलं. पण पुढे लक्षात आलं की हा मान एकट्या माझाच नाही. कॉफीचं मशीन न कुरकुरता कॉफी देऊ लागलं की हे कपाचा वास घ्यायचे. हॅम्बर्गात कधी नव्हे ते लख्ख ऊन पडलं की छत्री घेऊन निघायचे. पाऊस असला की मात्र एकदम मोकळे, हसरे. आभाळ खरं बोलतंय असं वाटत असावं.

माझं लग्न झालं आणि घर शोधायची वेळ आली तेव्हा त्यांनीच त्यांच्या इमारतीत, बरोबर त्यांच्या खालचं घर मिळवून दिलं. घर बघायला माझ्याआधी ते आत शिरले. सगळे नळ सोडून पाहिले, भिंतींवर टिचक्या मारल्या, खिडक्या उघडझाप केल्या. मग स्वयंपाकघरात मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "मालक इतकं गोड का बोलतोय?" मी म्हटलं, स्वभाव असेल. त्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. त्या घरात आम्ही पुढे कित्येक वर्षं काढली. जिन्यात भेटले की ते विचारायचे, "अजून काही निघालं नाही?" नाही म्हटलं की निराश होऊन वर जायचे.

आता हे सगळं वाचताना तुम्ही हसत असाल. आम्हीही हसत होतो. त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तर सगळ्यांत जास्त. वहिनी कोकणातल्या, समुद्राकाठच्या गावातल्या. हे सोलापूरकडचे, जिथे समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. वहिनींचं हसू खालच्या मजल्यावर आमच्या घरात ऐकू यायचं. त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तरं ती जर्मनमधून द्यायची. यावरही यांचा संशय होता. "हिला मराठी येतं. दाखवत नाही," असं म्हणायचे.

मग एका वर्षी वहिनींच्या छातीत गाठ निघाली.

ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, केस गेले. वर्षभर वरच्या मजल्यावरून हसू आलं नाही. त्या वर्षात त्यांचं 'मग काहीतरी गडबड आहे' हे वाक्यही कुणी ऐकलं नाही. नीट म्हणावं असं काही नव्हतंच. ते रोज ऑफिसला येत, मान खाली घालून काम करत, दुपारी डबा न उघडता घरी नेत. माझी बायको वर जाऊन पोळ्या करून यायची. मला त्यांच्याशी काय बोलावं ते सुचायचं नाही, म्हणून मी मुद्दाम चुका ठेवलेले प्रोग्रॅम त्यांच्याकडे पाठवायचो. त्या त्यांना लगेच सापडायच्या. तेवढाच आधार.

आणि एक दिवस हॉस्पिटलमधून ते सरळ ऑफिसला आले. चेहरा पार उतरलेला. मला वाटलं, संपलं.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आलेस इन ओर्डनुंग," ते म्हणाले. "सगळं नीट आहे."

"अहो, मग?" मी उठून उभाच राहिलो.

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. वाक्याचा पुढचा भाग ते बोलले नाहीत. पण तो मला ऐकू आला. इतकी वर्षं ज्या वाक्याला हसलो, ते पुन्हा कधी ऐकू नये असं त्या दिवशी वाटलं.

ते दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. दुसरेही तेच म्हणाले. "दोघांचं जुळलं कसं?" असं त्यांनी मला विचारलं. थट्टेने नाही, खरोखर. घरी त्यांनी वहिनींना कुकर उचलू दिला नाही, ओला टॉवेल पिळू दिला नाही. ऑपरेशन डाव्या बाजूचं होतं आणि त्या हाताने जड उचलायचं नाही असं सुरुवातीला सांगितलं होतं. पुढे डॉक्टरीणबाईंनी ते बंधन काढलं. यांनी काढलं नाही. वहिनी जेवायला बसल्या की हे त्यांच्या ताटाकडे बघत बसायचे. खोकल्या की ताट सोडून उठायचे.

एका रविवारी वहिनी आमच्या स्वयंपाकघरात बसून माझ्या बायकोबरोबर कोथिंबीर निवडत होत्या. टोपीखाली केस बोटभर वाढले होते. मी बाहेरच्या खोलीत होतो, पण घर लहान, सगळं ऐकू येतं.

"अगं, डॉक्टरांनी मला बरी केली," वहिनी म्हणाल्या, "पण घरात मी अजून आजारीच आहे. हे ज्या नजरेने बघतात ना, तशीच मी मला आरशात दिसायला लागलेय. यांनी 'पुढच्या वर्षी' हे शब्दच टाकलेत. पुढच्या वर्षी भारतात जाऊ या का, तर 'बघू.' पोरीला जरा मोठा कोट घेऊ या का, पुढच्या वर्षीही येईल, तर 'आत्ताच्या मापाचा घे.' मला औषध नको आता. यांनी एकदा पुढच्या वर्षाचं काही बोलावं, बास."

कोथिंबिरीच्या काड्या मोडल्याचा आवाज तेवढा येत होता.

"गणपती बसवायचा ठरवलंय मी," वहिनी म्हणाल्या. "दीड दिवसाचा. आणि विसर्जन समुद्रात. एल्बे नदीत नाही, बादलीत नाही. आमच्या गावी होतं तसं, समुद्रात. विसर्जनाला काय म्हणतात, माहितीये ना? तेव्हा कसे गप्प बसतात बघते."

असं ते ठरलं. वहिनींनी नवसाचं आहे म्हटल्यावर त्यांना नाही म्हणता येईना. उत्तर समुद्राच्या काठावर एक जुनं, गवताने शाकारलेलं घर त्यांनी चार दिवसांसाठी भाड्याने घेतलं आणि आम्हा दोघांना बरोबर चलायला सांगितलं. का, तर "चार डोळे असलेले बरे." इंटरनेटवरचा त्या घराचा फोटो त्यांनी मला ऑफिसात दाखवला. पांढऱ्या भिंती, निळं दार, कपाळावर केस आल्यासारखं खाली उतरलेलं छप्पर, आणि मागे समुद्र.

"समुद्र दिसतोय," ते म्हणाले. "पण तो घरापासून किती लांब आहे ते दिसत नाहीये. मुद्दाम असा कोन घेतलाय."

मूर्ती वहिनींनी मुलीला बरोबर घेऊन साध्या मातीची केली, बिनरंगाची. ती समुद्रात विरघळेल का, हा प्रश्न ओघाने आलाच. यांनी उरलेल्या मातीचा गोळा करून, वाळवून, बादलीत मिठाच्या पाण्यात घातला आणि समोर स्टूल घेऊन बसले. मी वर गेलो तेव्हा वहिनी कपाळाला हात लावून म्हणत होत्या, "अहो, गणपतीची कसली टेस्ट घेता!"

निघताना त्यांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या, चारी चाकांना लाथ मारून पाहिली. मूर्ती लाल कापडात गुंडाळून माझ्या बायकोच्या मांडीवर. संध्याकाळी पोचलो. घर फोटोत होतं तसंच होतं, अगदी तसंच, त्यामुळे ते आणखीच बिथरले. मागच्या बागेतून एक लाकडी फाटक, फाटकापलीकडे समुद्र अडवायला घातलेला गवताचा उंच बांध, त्यावर मेंढ्या. आम्ही सगळे धावतच बांध चढलो.

पलीकडे समुद्र नव्हता.

खरंच नव्हता. नजर पोचेल तिथवर करडा, ओला, चकाकणारा चिखल. त्यात लहान लहान ओहोळ, आणि लांब कुठे तरी पक्ष्यांची एक रांग. बांधाखाली सिमेंटच्या पायऱ्या होत्या, कठडा होता, आणि त्या पायऱ्या चिखलात उतरत होत्या.

"दास मेअर इस्ट कापुट!" मुलगी ओरडली. समुद्र मोडलाय!

हे चष्मा कपाळावर सरकवून उभे राहिले. पण मी सांगतो, इतका समाधानी चेहरा मी त्यांचा कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता. अखेर काहीतरी निघालं होतं.

"अहो, ओहोटी आहे," वहिनी म्हणाल्या. मग जरा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण बाई, ओहोटी म्हणजे एवढी? आमच्याकडे समुद्र मागे सरतो. हा तर घर सोडून गेलाय."

एवढ्यात मागून मालकीणबाई आल्या. सत्तरीच्या, उंच, रबरी बूट घातलेल्या, ओठ घट्ट मिटलेले. त्या शेजारच्याच नव्या घरात राहत. आम्ही चिखलाकडे बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, "कोम्ट वीडर." येतो परत.

"कशावरून?" यांनी जर्मनमध्ये विचारलं.

हा प्रश्न बाईंना जन्मात कुणी विचारला नसावा. त्यांनी यांना खालून वर न्याहाळलं, मग माझ्या बायकोच्या हातातलं लाल कापडातलं गाठोडं न्याहाळलं. "आणि ते काय आहे?" त्यांनी विचारलं. त्या क्षणापासून पुढचे चार दिवस दोन्ही बाजूंनी पहारा सुरू झाला.

घर आतून बुटकं. भिंतीला निळ्या चित्रांच्या फरश्या, आणि झोपायला भिंतीत बसवलेले पलंग, कपाटासारखे, दारं लावून घ्यायचे. मुलगी हरखून गेली. यांनी पलंगाच्या दाराला टिचकी मारली, आत डोकं घालून हुंगलं आणि जाहीर केलं की यात हवा खेळत नाही, वहिनींनी इथे झोपायचं नाही. वहिनी तिथेच झोपल्या. सकाळी चहा करताना त्यांनी माझ्या बायकोला सांगितलं, "दारात बूट अडकवून ठेवला होता यांनी, बंद होऊ नये म्हणून. आणि मध्येच मला जाग आली तर माझ्या नाकासमोर यांचा हात." त्या हसल्या नाहीत. "घरीही असंच चालतं," म्हणाल्या. "श्वास बघतात."

गणपती खिडकीत बसवला. वहिनींनी निरांजन आणि उदबत्ती काढली, तोच दार न वाजवता मालकीणबाई आत. त्यांनी काडेपेटीकडे पाहिलं आणि बोट वर केलं. वर छपराचं वाळलेलं, जाडजूड, शंभर पावसाळे पाहिलेलं गवत.

"नाइन," बाई म्हणाल्या. "काइन फॉयर." विस्तव नाही म्हणजे नाही.

वहिनींचा चेहरा पडला. दिव्याशिवाय आरती कशी? मला वाटलं आता हे बाईंशी भांडणार. पण यांचे डोळे चमकले. "बरोबर बोलताहेत त्या," ते म्हणाले. "एक ठिणगी उडाली तर? मी आल्यापासून तेच बघतोय." आणि त्यांनी बाईंना स्वयंपाकघरातली शेगडी दाखवून एक बटण सैल असल्याचं सांगितलं. बाईंनी ते हलवून पाहिलं, मान डोलावली आणि त्यांना तळघराच्या दाराची कडी दाखवली. तिथून ते दोघं घरभर फिरले. हे बटण बंद करायचे, मागून बाई तेच बटण बंद आहे ना ते बघायच्या. "ही बाई आमच्या ऑफिसात हवी होती," ते मला म्हणाले. इतकी मोठी स्तुती त्यांनी कुणाची केलेली मला आठवत नाही. माझी तर नाहीच.

तोडगा बाईंनीच काढला. त्यांनी आपल्या घरातून एक जुना, काचेचा, पितळी कंदील आणला, बोटीवर असतो तसा. अट एकच, आरती बागेत. मग गणपती आत खिडकीत आणि आम्ही सगळे बाहेर हिरवळीवर, वाऱ्यात, असा सोहळा झाला. वहिनी टाळ्या वाजवत आरती म्हणत होत्या, हे दोन्ही हातांनी तो जड कंदील खिडकीसमोर ओवाळत होते, आणि बाई शेजारी पाण्याने भरलेली बादली घेऊन आरती संपेपर्यंत उभ्या होत्या. आरतीनंतर त्यांनी मोदक घेतला, उलटापालटा करून बघितला, हुंगला, आणि खाल्ला. यांनी तिकडे कौतुकाने पाहिलं.

समुद्र त्या दरम्यान येऊनजाऊन होता. पण आम्ही जेवणात नाही तर झोपेत असताना यायचा, त्यामुळे त्याला येताना आमच्यापैकी कुणी नीट पाहिलं नव्हतं. यांचा संशय अजून फिटला नव्हता. विसर्जनाच्या दिवशी बाईंनी सांगितलं, आज दुपारी चहाच्या सुमाराला पाणी पायऱ्यांशी येईल. जाताना नेहमीची ताकीद दिली, "बागेचं फाटक लावून घ्या. मेंढ्या येतात." ही ताकीद यांना द्यायची गरज नव्हती. आल्यापासून ते फाटक लावून दोनदा ओढत आणि बांधावरून परत येऊन आणखी एकदा.

जेवण होताच ते एकटेच पायऱ्यांवर जाऊन बसले. चिखलात थोड्या थोड्या अंतरावर काटक्या रोवल्या होत्या. मी चहा घेऊन गेलो तेव्हा त्यातल्या लांबच्या काटक्या पाण्यात गेल्या होत्या. लाटा नाहीत, आवाज नाही. दूध उतू जायच्या आधी जसं गुपचूप वर चढतं, तसं पाणी येत होतं.

"आला की हो," मी म्हटलं. "अगदी सांगितलेल्या वेळेला."

"हं," ते म्हणाले.

"मग आता काय?"

"तेच मला आवडत नाही." कप त्यांनी तसाच हातात धरला होता. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "गेला तेव्हा असाच गेला असणार. आवाज न करता. आपण आत जेवत असताना."

ते समुद्राबद्दल बोलत नव्हते, हे मला कळलं. मला खूप वाईट वाटलं. मी त्यांच्या शेजारी बसून राहिलो.

पाणी पायऱ्यांना लागलं तेव्हा वहिनी आल्या. साडीचा काष्टा मारलेला, डोक्यावर टोपी नाही. त्या वर्षभरात मी त्यांना टोपीशिवाय पहिल्यांदाच पाहिलं. मागून मुलगी आणि माझी बायको. गणपती लाकडी पाटावर, आणि पाट वहिनींच्या हातात, दोन्ही हातांत.

"अगं, हात!" हे ताडकन उठले. कप पायऱ्यांवर आपटून फुटला. त्यांनी येऊन पाटाची डावी बाजू धरली. "दे इकडे. मी नेतो."

"अहो, सोडा."

"जड आहे."

"आहे जड. मी बांध चढून आणलाय ना इथवर? सोडा."

ते सोडेनात. दोघं पाट धरून उभे, मध्ये गणपती, आणि पाणी त्यांच्या पावलांशी आलेलं. वहिनींचे डोळे भरले होते. रागाने की कशाने, सांगता येणार नाही. बांधावर बाई येऊन उभ्या राहिल्या होत्या. मला वाटलं, आता हे घेणार पाट, आणि मग वहिनी पुढे काही मागणार नाहीत. कधीच काही मागणार नाहीत.

"पापा," मुलगी हळूच म्हणाली, "लास लोस." सोड ना.

त्यांनी सोडलं. एकेक बोट उचलल्यासारखं सोडलं, आणि हात तसेच पुढे राहिले.

वहिनी कठड्याला न धरता पाण्यात उतरल्या. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. उत्तर समुद्राचं पाणी किती गार असतं ते ज्याने पाय घातलाय त्यालाच माहीत. त्यांनी पाट पाण्याखाली नेला, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गणपती पाण्यात राहिला आणि पाट मोकळा वर आला. आम्ही ओरडलो, "गणपती बाप्पा मोरया!"

त्यापुढचं म्हणायचं यांनी. माझी बायको गप्प राहिली, मीही गप्प राहिलो. वहिनी पाण्यातच वळल्या. बोटभर केस वाऱ्यावर उभे, ओठ थंडीने निळे, आणि डाव्या हातात रिकामा पाट.

"म्हणा ना," त्या म्हणाल्या.

ते एक पायरी खाली उतरले. मग एकदम, सगळ्या बांधावर ऐकू जाईल असे ते ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!" मेंढ्या दचकून पांगल्या. ते परत ओरडले, "पुढच्या वर्षी लवकर या!" आवाज फाटला होता. मग वहिनींचा हात धरून त्यांना वर घेतलं, टॉवेल गुंडाळला, पायऱ्या चढले. आणि चढता चढता थांबून, मान तिरकी करून मागे पाहिलं. "एक मिनिट हं," म्हणाले. खाली पाण्यापाशी गेले आणि आणखी एकदा म्हणाले. या वेळी हळू, फक्त गणपतीला ऐकू जाईल असं.

माझी बायको रडत होती. मी चष्मा पुसत होतो. बांधावर बाईंनी काळजीने विचारलं, "आलेस इन ओर्डनुंग?"

"हो," हे म्हणाले. "आलेस इन ओर्डनुंग."

आम्ही थांबलो. वाक्याच्या पुढच्या भागाची वाट बघत सगळे थांबलो, मुलगीसुद्धा. ते नुसतेच नाक पुसत राहिले, आणि सगळ्यांत शेवटी बांध उतरले.

घरात जाऊन वहिनींनी कोरडे कपडे घातले, चहा ठेवला, आणि बाहेर बाईंचा आरडाओरडा ऐकू आला. बाग मेंढ्यांनी भरली होती. बाईंची निळी फुलं, कोबी, दारातलं तुळशीसारखं काहीतरी, सगळं चरून चाललं होतं. बागेचं फाटक सताड उघडं होतं. शेवटी आत कोण आलं होतं याची चौकशी करायची गरज नव्हती. ते स्वयंपाकघराच्या मधोमध उभे होते, तोंड उघडं.

"मी लावलं नाही?" ते म्हणाले.

वहिनी हसायला लागल्या. वर्षभर दाबून ठेवलेलं ते हसू, खालच्या मजल्यावर ऐकू जाणारं. "यांनी दार लावलं नाही!" त्या माझ्या बायकोच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणत होत्या. "अगं, यांनी दार लावलंच नाही!" हे मेंढ्या हाकायला पळाले, बाई काठी घेऊन त्यांच्या मागे. जाता जाता यांनी खिडकीतून आत डोकावून मला सांगितलंच, "बघ, मी म्हणत नव्हतो?"

त्यानंतर ते बदलले असं मी सांगणार नाही. तुमचा विश्वासही बसणार नाही. सोमवारी ऑफिसात त्यांनी कॉफीच्या कपाचा वास घेतला. पण मुलीला कोट घेतला तो दोन मापं मोठा, आणि पुढच्या वर्षी त्याच घरात आम्ही गणपती नेला. फाटकाला बाईंनी नवी, आपोआप लागणारी कडी बसवली होती. ती त्यांनी यांच्याकडून तपासून घेतली.

काही वर्षांनी ते कुटुंब भारतात परत गेलं आणि पुण्यात राहिलं. वहिनींच्या तपासण्या चालू राहिल्या, दर वेळी तेच उत्तर यायचं, आणि यांचा फोन यायचा. "सगळं नीट आहे म्हणाले." मग, "मग काहीतरी..." आणि मागून वहिनींचं हसू. आमच्या दोघांत त्याची थट्टाच होऊन बसली होती.

ते स्वतः गेले ते एका सकाळी, चहा पिताना. हृदय थांबलं. वहिनींनीच फोन केला. "इतकी वर्षं मला तपासत राहिले," त्या म्हणाल्या, "स्वतःचा हात कधी डॉक्टरपुढे केला नाही. स्वतःचा संशयच आला नाही हो त्यांना." मी फोन ठेवला आणि ऑफिसात गेलो. त्या दिवशी आमचा नवा प्रोग्रॅम एकदाही न अडकता चालला. सगळे खूश होते. मी त्यांच्या जुन्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून तो परत तपासायला बसलो. काही सापडलं नाही. मला ते असह्य झालं.

मागच्या खेपेला पुण्यात वहिनींकडे गेलो होतो. केस आता पांढरे, खांद्यापर्यंत. जेवण झाल्यावर त्या मला रिक्षापर्यंत सोडायला निघाल्या. डाव्या हातात माझ्या बायकोसाठी भरलेली चांगली जड पिशवी, लोणच्याच्या बरण्यांची. मी घ्यायला गेलो तर म्हणाल्या, "असू दे, मला जड नाही." उजव्या हाताने दार ओढून घेतलं, कुलूप लागल्याचा आवाज झाला, आणि त्या बोलत बोलत जिना उतरू लागल्या. मागे वळूनही बघितलं नाही.

मी थोडं उतरलो आणि थांबलो.

"एक मिनिट हं," मी म्हटलं.

वहिनी खालच्या वळणावर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या. मी परत वर गेलो आणि दाराची मूठ धरून ओढून पाहिली. दार लागलेलं होतं.